हाताच्या अंतरावर

"चाळीस बदकं द्या."

मी पोहायच्या चष्म्यांच्या काचा पुसत होते. मान वर न करताच विचारलं, "कसली?"

"फुगवायची. पोरांच्या कमरंला घालायची, पिवळी. आणि दंडात घालायचे फुगंबी द्या, चाळीस जोड."

मग मी मान वर केली. उन्हातून आल्यामुळं त्याचे कान लालबुंद झाले होते. शर्टाच्या खिशातून गाडीची किल्ली लोंबत होती, आणि चेहऱ्यावर असा भाव, की बदकं काय, अख्खं दुकान आपल्यासाठीच मांडून ठेवलंय. असली माणसं मला आवडत नाहीत... म्हणजे तोपर्यंत आवडत नव्हती.

"बदकं मिळणार नाहीत," मी म्हणाले.

"संपली?"

"आहेत. माळ्यावर पोतंभर आहेत. तुम्हाला मिळणार नाहीत."

त्यानं एकदा माझ्याकडं आणि एकदा दारावरच्या पाटीकडं बघितलं. "म्याडम, हे दुकानच हाय न्हवं? का पोलीस चौकीत आलोय मी?"

दुकानच आहे. महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीतलं 'दत्तोपंत अँड सन्स'. दत्तोपंत म्हणजे माझे आजोबा. सन्स म्हणजे माझे बाबा एकटेच, आणि आता मी, कालिंदी, जी कुणाच्याही हिशेबानं सन नाही. पण पाटी पितळेची असल्यामुळं ती बदलायला बाबा तयार नाहीत. जूनमध्ये आम्ही दप्तरं विकतो, पुढं रेनकोट, आणि उन्हाळा लागला की पोहायचं सामान: चष्मे, टोप्या, न घसरणाऱ्या चपला आणि लहान मुलांची जाकिटं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच माझ्या ध्यानात आली. आमच्याकडं येणारा प्रत्येक पुरुष मला ताई म्हणतो. यानं मात्र म्याडम म्हटलं. ताई म्हणायचं तो विसरला होता की टाळत होता, कोण जाणे!

"बदक घरच्या टबात खेळायला असतं," मी सांगितलं. "मोठ्या पाण्यात ते उलटलं की मूल खाली डोकं वर पाय. आणि ते दंडातले फुगे... हात द्या इकडं."

"हात?"

"द्या की. ठेवून घेणार नाही, परत देईन."

गल्ल्यावर बसलेले बाबा पेपरामागून खाकरले. त्या गृहस्थानं गुपचूप हात पुढं केला. चांगला मोठा, शेतात राबलेला हात होता. लहान मुलाच्या दंडाचा फुगा त्याच्या मनगटावरसुद्धा जेमतेम चढला. मी तो तोंडानं फुगवला, तांब्यातलं पाणी वरून ओतलं आणि म्हणाले, "आता हात वर करा. मला उचलून घे, म्हणून पोरं करतात तसा."

त्यानं हात वर केला. पाणी रेटतं तसं मी खालून जरा वर रेटलं मात्र, फुगा सटकन निसटला आणि उडून बाबांच्या पेपरावर आपटला.

"बघितलंत? पोर पाण्यात घाबरलं की पहिल्यांदा हात वरच करतं."

तो हसला नाही. ओल्या हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पण पाणी गुडघाभरच हाय आमच्यात. त्यात कोण बुडतंय?"

"तोंड खाली झालं तर वीतभर पुरतं."

 बाबांनी पेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, "पावणं, चहा घेणार?" बाबा हे सगळ्यांना विचारत नाहीत.

चहा पिता पिता कळलं ते असं, की त्याचं नाव राजवीर. गगनबावडा रोडला, कळे गावाच्या पुढं त्यांचं शेत आहे. भाऊ आणि वहिनी डेअरी बघतात, आणि यानं रस्त्याकडच्या तुकड्यातला ऊस काढून लहान मुलांसाठी वॉटर पार्क बांधलंय. पाडव्याला उद्घाटन.

"पुतणीचं नाव दिलंय पार्कला. तेजस्वी वॉटर पार्क. चार वर्सांची हाय आमची तेजू." कप खाली ठेवून तो सरळ माझ्याकडं बघत म्हणाला, "काय घ्यायचं ते तुमीच सांगा."

"मग मुलं आणा."

"काय?"

"जाकीट वयावर नसतं, वजनावर असतं. मुलांच्या अंगात घालून बघितल्याशिवाय मी देत नाही."

खरं सांगू? हे मी गिऱ्हाईक कटवायला म्हणते. लोक ऐकतात, नाक मुरडतात आणि पुढच्या दुकानातून बदकं घेतात.

हा रविवारी टेम्पो भरून पोरं घेऊन आला.

भावकीतली झाडून सगळी पोरं होती. आमची गल्ली ती केवढी! टेम्पो आडवा लागला आणि मागं दुचाक्यांची रांग लागली. कोपऱ्यावरचे भेळवाले आकाराम "ओ, लग्नाचं वऱ्हाड हाय का?" म्हणून ओरडायला लागले. मी काटा मांडला, एकेकाला वर उभं केलं, आणि दुकानभर जाकिटांचा खच पडला.

सगळ्यांत पुढं तेजू होती. दोन वेण्या, पुढचा दात अर्धा तुटलेला, आणि हट्ट असा की काकाची पुतणी शोभावी.

"मला निळं पायजे."

"निळं नाही. निळ्या पाण्यात निळं दिसत नाही. केशरी घे. केशरी लांबून दिसतं."

राजवीर जाकिटाचे बंद लावत होता. दोन्ही पायांमधून घ्यायचा पट्टा त्यानं तसाच सोडला. "ह्यो ऱ्हाऊ दे की. पोरं लाजत्यात."

 तेजूच्या जाकिटाचे दोन्ही खांदे धरले आणि वर उचलले. जाकीट वर आलं, तेजू खालीच राहिली. तिचं तोंड नाकापर्यंत आत गडप झालं आणि आतून आवाज आला, "काका, अंधार झाला!"

मग पट्टा लावला आणि पुन्हा उचललं. आता जाकिटाबरोबर अख्खी तेजू वर आली, पाय झाडत, खिदळत. "अजून! अजून!"

"खांदे धरून उचलून बघायचं. कान झाकले की जाकीट चुकीचं," मी सगळ्यांना सांगितलं. "आणि जाकीट घातलं म्हणजे झालं, असं नाही. मूल पाण्यात असेल तेव्हा मोठं माणूसही पाण्यात पाहिजे, हाताच्या अंतरावर. हात लांब केला की मूल हातात आलं पाहिजे. काठावर खुर्ची टाकून फोन बघायचा नाही."

राजवीरनं आपला हात लांब केला. बोटं माझ्या खांद्याजवळ आली आणि... थांबली. लागली नाहीत.

"एवढं?"

"एवढं," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मला तो नीट ओळखू आला नाही.

"आता काकाला उचल!" तेजूनं फर्मान काढलं. मोठं जाकीट त्याला घातलं गेलं आणि मी स्टुलावर चढून त्याचे खांदे धरून ओढले. तो तसूभरही हलला नाही. मीच तोल जाऊन त्याच्या डोक्यावर हात टेकला. पोरांनी जो गिल्ला केला, तो आकारामांच्या गाड्यापर्यंत ऐकू गेला असणार.

जाताना तेजूनं विचारलं, "मावशी, तुला पोहायला येतं?"

"मला जाकिटं विकता येतात," मी म्हणाले. सगळे हसले. राजवीर हसला नाही, त्यानं नुसतं बघितलं.

मला पोहता येत नाही, एवढंच असतं तर काय! मी पाण्याला भिते. लहानपणी नृसिंहवाडीला घाटाच्या पायरीवरून पाय सटकला होता आणि पाणी डोक्यावरून गेलं होतं. बाबांनी वेणीला धरून वर ओढलं. तेव्हापासून घोट्याच्या वर पाणी आलं की माझे गुडघे आखडतात. रंकाळ्यावर फिरायला गेले तरी मी भिंतीपासून लांबून चालते. माझं नाव नदीचं, हे सगळ्यांना आठवतं आणि सगळे चिडवतात. दुकानात मी एवढी भांडते ती हुशारी म्हणून नव्हे. त्या पायरीवरचा हिरवा अंधार मला अजून दिसतो म्हणून.

त्यानंतर राजवीर वरचेवर यायला लागला. कधी बकल हवं होतं, कधी टोपी. एकदा तर शिट्टी घ्यायला आला आणि आधीच गळ्यात एक शिट्टी होती.

"ही आहे की," मी बोट दाखवलं.

"ही वाजती. मला न वाजणारी पायजे हुती, तेजूसाठी."

"न वाजणारी शिट्टी आम्ही ठेवत नाही."

"मग मागवा. मी थांबतो."

आणि खरंच तासभर थांबला. बाबांशी ऊस, दूध आणि गूळ यांवर बोलत बसला, आणि मध्येच माझ्याकडं बघून पुन्हा गुळावर येत राहिला. गगनबावड्याकडून आला की येताना काहीतरी आणायचा, कधी कच्ची करवंदं, कधी घरचं लोणी. फोनवर जाकिटांचे फोटो पाठवायचा: "हा पट्टा बरोबर हाय का?" बरोबर असायचा. दुसऱ्या दिवशी तोच फोटो पुन्हा यायचा. आणि मी, जिला एकच गोष्ट दोनदा सांगायचा कंटाळा, ती पुन्हा पुन्हा सांगायची. मला तो आवडायला लागला होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण आरशाला कळलं होतं.

पाडव्याच्या आधी त्यांनी घरच्या पोरांना घेऊन पाणी सोडून बघायचं ठरवलं. "तुमी आल्याशिवाय न्हाय," राजवीर म्हणाला. मी गेले.

दारातच त्याची आई भेटली, विठाबाई. ठसठशीत कुंकू, कासोटा खोचलेला आणि हातात दोरी ओवलेला वाळका भोपळा. तेजूच्या पाठीला भोपळा बांधायचाच, असं ठरवून आलेल्या.

"ह्यो भोपळा राजवीरच्या पाठीला बांधलाता. त्याच्या आदुगर त्याच्या बाच्या. कोण बुडलं न्हाय आमच्यात."

"मावशी, पोहायला शिकणाऱ्याला तो ठीक आहे. पण चार वर्षांचं पोर दमलं की भोपळ्यानं पाठ वर राहते आणि तोंड पाण्यात जातं."

"मग? पोर पाण्यात असताना आमी काय काठाला शेंगा सोलत बसतोय व्हय? हात घातला की पोर हाताला लागंल, असं हुबं ऱ्हातोय!"

"मग आपल्या दोघींचं भांडण कशावर चाललंय?" मी म्हणाले.

विठाबाईंनी माझ्याकडं खालून वर बघितलं. "जीभ लई तिखाट हाय गं तुझी," त्या म्हणाल्या, आणि भोपळा खुंटीला अडकवला. मला वाटतं, त्यांना मी पसंत पडले होते. मग त्या चहा टाकायला घराकडं वळल्या.

पाणी सोडलं. पोरांनी एकच दंगा सुरू केला. मी काठावर बसले, पाय आखडून, कोरडी ठणठणीत. मोठी पोरं पलीकडं वहिनींजवळ होती, तेजू माझ्यासमोर. घसरगुंडीचं पाणी येईना म्हणून राजवीर नळ बघायला निघाला. "तेजूकडं बघा हं, आलोच."

तेजू माझ्यापासून हातभर लांब होती. हाताच्या अंतरावर. ती वळली, पाय सटकला आणि तोंडावर पडली.

मी बसून राहिले.

हात उचलायचा होता, एवढंच. पण तो माझा राहिलाच नाही. डोळ्यांपुढं ती पायरी, तो हिरवा अंधार... आणि माझ्या तोंडून आवाजसुद्धा फुटला नाही. जाकिटानंच तेजूला वळवून उताणं केलं. तोवर राजवीर पँट-बुटांसकट पाण्यात धावत आला होता.

"काका, मी पालथी पडले आणि आपोआप उताणी झाले!" खोकत खोकत तेजू सांगत होती. "परत करू?"

कुणी मला एक शब्द बोललं नाही. राजवीर तर उलट म्हणाला, "तुमचं जाकीट भारी हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला गाडीही काढू न देता मी एसटीनं घरी आले, आणि त्यानंतर त्याचा फोन उचलला नाही.

पाडवा जवळ आला आणि एका दुपारी तो दुकानात उभा राहिला. अंगात शर्ट असा केशरी, की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

"अरे बापरे," बाबा म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

"फोन उचलत न्हाईसा," राजवीर म्हणाला.

"हा काय शर्ट?"

"तुमीच म्हणालता, केशरी लांबून दिसतं. म्हटलं, ह्या बाई आपल्याकडं बघतच न्हाईत, ह्येच्यात तरी दिसतोय का बघू."

मला हसायचं होतं. रडूच आलं. सगळं बोलून टाकलं मी, नृसिंहवाडी, पायरी, वेणी, सगळं. "मी जगाला सांगते हाताच्या अंतरावर राहा, आणि माझाच हात उठला नाही. तुमच्याकडं विहीर आहे, शेततळं आहे, मागनं नदी जाते..."

"हाय की. लई पाणी हाय."

"मग उद्या आपलं मूल पाण्यात पडलं तर मी अशीच काठावर बसून—"

मी थांबले.

आपलं. मी आपलं म्हणाले होते. त्यानं अजून मला काही विचारलंसुद्धा नव्हतं!

पेपराची सळसळ थांबली. मग बाबा उठले, "चहा सांगून येतो," म्हणाले आणि चपला न घालताच बाहेर गेले. चहाचे भरलेले कप समोरच होते.

राजवीरचे कान पुन्हा लालबुंद झाले होते. आज त्याला कारण ऊन नव्हतं. तो म्हणाला, "एक मोठ्या माणसाचं जाकीट द्या."

"कुणाला?"

"वजन तुमालाच म्हाईत. मी कशाला इचारू? मार खाईन." मग त्याचा आवाज खाली आला. "पाडव्याला सकाळी या. लोक याच्या आत. गुडघाभर पाणी, मी हाय, आई हाय. न्हाईच जमलं तर काठाला बसून श्रीखंड खाऊ. मला इचारायचं हाय ते मी तरीबी इचारणार."

"नाही जमलं तर माझं उत्तर नाही असेल," मी म्हणाले. "खरंच सांगते. भिऊन राहायला मी तुमच्या घरात येणार नाही."

त्यानं थोडा विचार केला. "मग जमंल," तो म्हणाला.

पाडव्याला सकाळी बाबाच मला घेऊन गेले. पार्कच्या दारात गुढी उभी होती, रांगोळी ताजी होती, आणि राजवीर त्याच केशरी शर्टात उभा होता. मी जाकीट घातलं. बंद त्यानं लावले, माझ्याकडं न बघता, अगदी मन लावून. मधला पट्टा मी स्वतःच लावला.

"उचलून बघायचा तुमचा नियम हाय," तो म्हणाला. "बघू?"

मी मान हलवली. त्यानं माझ्या जाकिटाचे खांदे धरले आणि हलकेच वर उचललं. टाचा जमिनीवरून सुटल्या. त्याचा चेहरा इतका जवळ होता... त्याच्या श्वासाला कडुलिंब आणि गुळाचा वास येत होता.

"कान झाकलं न्हाईत," तो कुजबुजला. "जाकीट बरोबर हाय."

"खाली ठेवा आता."

"व्हय की," तो म्हणाला, आणि जरा उशिरा ठेवलं.

"थांब गं," मागून विठाबाईंचा आवाज आला. त्यांनी खुंटीवरचा भोपळा काढून आणला आणि जाकिटावरूनच माझ्या पाठीला बांधला. भोपळ्यावर माझं मत काय आहे ते त्यांना माहीत होतं. मला तर होतंच. "राजवीरचा हाय. आता तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि गाठ मारताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी पहिल्यांदा मी गप्प बसले.

गुडघाभर पाण्यात जाकीट आणि भोपळा बांधून उतरणारी बाई कशी दिसत असेल! बाबा तोंडावर रुमाल धरून उभे होते. मी पहिली पायरी उतरले. गार पाणी घोट्याला लागलं आणि गुडघे आखडले. राजवीर समोर पाण्यात उभा होता. हात पुढं होता, पण त्यानं मला धरलं नाही. नुसता वाट बघत राहिला. दुसरी पायरी. तिसरी. मी तळावर उभी होते.

"मावशी आली!" केशरी जाकिटातली तेजू पाणी उडवत धावत आली. "धावू नको!" असं मी ओरडते आहे तोवर तिचा पाय सटकला.

मला काही आठवलं नाही, ना पायरी, ना अंधार. पुढचं कळलं तेव्हा मी गुडघ्यांवर होते, पाणी कमरेपर्यंत होतं आणि तेजू माझ्या हातात होती. तिचं तोंडसुद्धा भिजलं नव्हतं.

"मला पडू तरी दे की," ती रुसून म्हणाली.

मी तिला कडेवर घेऊन उभी राहिले. हसत होते की रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं. राजवीर जागचा हलला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायचं त्याला सुचत नव्हतं.

"आता इचारू?" तो म्हणाला.

"नियम काय आहे?"

"हाताच्या अंतरावर."

"मग तिकडं दोन हात लांब उभं राहून काय विचारताय?"

तो पाणी कापत आला. "तेजे, तू हिकडं ये," विठाबाई काठावरून ओरडल्या, पण तेजू माझ्या कडेवरून हलली नाही. त्यामुळं त्यानं अगदी हळू आवाजात जे विचारलं ते तिनंही ऐकलं, आणि माझ्या आधी तीच "व्हय" म्हणाली.

मी नंतर म्हणाले.